जाहिदाबाईवरचा आळ

आमच्या मुरुडात जाहिदाबाईबद्दल जे सांगतात ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यापासून सुरू झालेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो. मी मास्तर माणूस, चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. बोलण्यात पटाईत. गोष्ट सांगता सांगता स्वतःला कधी अलगद सोडवून घेईन, याचा माझा मलाच भरवसा नाही.

गावात सांगतात ते असं. श्रीमंत मास्तरांचा धाकटा भाऊ दयानंद मोटारसायकलवरून पडला, लातूरला त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, चांगला शुद्धीवर येत होता. तर तिथल्या जाहिदा नावाच्या बाईनं त्याला कॉटवर उलटा टाकला, डोकं खाली अन् पाय वर. म्हणून त्याचा उजवा हात लुळा पडला अन् जीभ अडखळायला लागली. सांगणारा वर मान हलवून म्हणतो, त्या लोकांचं काय सांगावं. श्रीमंत हे माझं नाव, ते मास्तर म्हणजे मीच. हे मी भावाच्या ओसरीवर बसून, बशीत चहा ओतून पीत पीत, कमीत कमी वीस वेळा ऐकलं असेल. एकदाही म्हणलो नाही की बाबांनो, थांबा.

तर जाहिदाबाई कोण होती ते ऐका.

ती लातूरच्या जुन्या गावातली. नवरा नदाफ, कापूस पिंजायचा, घरोघरी जाऊन गाद्या भरायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली अन् त्याला अर्धांगवायूचा झटका आला. साडेतीन वर्षं तो खाटेवर पडून होता. गाद्या भरणाऱ्याचीच बायको ती. उरलेल्या कापसाच्या तिनं लहान लहान गाद्या शिवल्या. टाचेखाली एक, कोपराखाली एक, माकडहाडाखाली एक. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, तेलाच्या हातानं पाठ चोळायची, वाटीवाटीनं पातळ भरवायचं. साडेतीन वर्षांत त्याच्या पाठीला एक फोड आला नाही. हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. तो गेल्यावर पदरात एक लेक, उजमा. मग ओळखीच्या कुणीतरी तिला मेंदूच्या एका दवाखान्यात आया म्हणून लावलं, ठेकेदाराकडून. तिथं तिनं बावीस वर्षं काढली.

कामावर लावताना तिला सांगितलेलं काम म्हणजे चादरी बदलणं, लघवी-संडासचं भांडं देणं, फरशी पुसणं, पेशंटचं अंग पुसणं. पण बावीस वर्षं एकाच प्रकारचे पेशंट बघितल्यावर माणसाची नजर तयार होतेच. कोण आज कालच्यापेक्षा उशिरा डोळे उघडतोय, कोणाची जांभई बरी आहे अन् कोणाची बरी नाही, कोणाला उलटी येणार आहे, हे तिला सिस्टरच्या आधी कळायचं. मग ती जाऊन सिस्टरच्या कानाशी सांगायची. मोठ्यानं कधी सांगायची नाही. श्रेय घ्यायची तिला सवयच नव्हती.

आणि पेशंटशी बोलायची. बेशुद्ध असो नाहीतर शुद्धीवर, सकाळी आल्यावर प्रत्येकाला नाव घेऊन हाक. आमच्या दयाला म्हणायची, दयाभाऊ, सकाळ झाली, आभाळ आलंय, आज गुरुवार हाय, वहिनी खाली दूध आणायला गेल्यात. मला ते खुळ्यावाणी वाटायचं. मी एकदा हसलोही.

तिची अन् माझी पहिली ठिणगी उशीवरून पडली. दयाचं ऑपरेशन झालेलं. डाव्या बाजूला रक्ताची गुठळी होती, ती काढली, पण मेंदूला सूज होती. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून मला चैन पडेना. आत सोडलं की काहीतरी करावंसं वाटायचं. मी घरून आणलेली जाड उशी त्याच्या डोक्याखाली सरकवली. तिनं येऊन ती माझ्या देखत काढून घेतली अन् हातात दिली. म्हणाली, मान वाकडी न्हाई झाली पायजे सर, नरड्याच्या शिरा दबल्या की डोक्यातलं रगत खाली उतरत न्हाई. त्याच्या गळ्यातला काळा दोराही तिनं कापून सुकन्याच्या, म्हणजे दयाच्या बायकोच्या हातात ठेवला. शेजारी माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्याच्यासमोर झाडूपोछावाली बाई मला शिकवायला लागली, हे मला झोंबलं. मी विचारलं, तुला गं काय कळतंय ह्यातलं?

ती रागावली नाही. हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "कवटी म्हंजे बंद डबा हाय, सर. आत तीनच जिनसा. मेंदू, रगत अन् पाणी. त्यातली एक फुगली की बाकीच्या दोघींना जागा उरत न्हाई, अन् डबा तर काई फुगत न्हाई. म्हून डोकं उंच ठेवायचं, मान सरळ ठेवायची, खोकू द्यायचं न्हाई, कुंथू द्यायचं न्हाई. दाब वाढला की माणूस आधी गुंगतो, मग ओकतो, मग डोळ्याची बाहुली मोठी हुती. तिथवर जाऊ द्यायचं न्हाई."

कुठं शिकलीस म्हणलो, तर म्हणाली, डॉक्टरसाब नव्या पोरींना शिकवतेत तवा मी फरशी पुसत असती.

चौतीस वर्षं मी पोरांना दाब शिकवला. फुगे फोडले, सायकलचे पंप वर्गात नेले. एवढं सोपं करून मला सांगता आलं नव्हतं. कौतुक वाटायला पाहिजे होतं. मला मात्र राग आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो मी.

तरी चार-सहा दिवसांत आमचं जमलं. दया बोट दाबल्यावर डोळे उघडायला लागला, सांगितलं की हात धरायला लागला. त्याला वॉर्डात आणलं. त्या वॉर्डातल्या कॉटा जुन्या, लोखंडी. डोक्याची बाजू उंच राहावी म्हणून डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घातलेले. म्हणजे सगळी कॉटच उतरती. आणि सगळ्या कॉटांची डोक्याची बाजू उत्तरेच्या भिंतीला, कारण ऑक्सिजनच्या नळ्या त्याच भिंतीत. मग पाय आपोआप दक्षिणेला.

आता आपल्याकडं दक्षिणेला पाय करून कोण निजतं ते सांगायला नको. मेल्यावर माणसाला तसं निजवतात. खेड्यावरून येणारी प्रत्येक म्हातारी वॉर्डात पाऊल टाकलं की आधी दिशा बघायची. जाहिदाबाईनं त्यावर तोडगा काढलेला होता. ती म्हणायची, आज्जी, ही डोक्याकडची भिंत पूर्वेची हाय. म्हातारी हात जोडायची अन् गप बसायची. ह्या बाईनं बावीस वर्षं त्या वॉर्डाची पूर्व फिरवून ठेवली होती. तिला खरी दिशा ठाऊक नव्हती असं नाही. नमाज पढणारी बाई, पश्चिम तिला झोपेत सांगता आली असती. हे गुपित तिनं मला एका दुपारी हसत हसत सांगितलं. म्हणाली, तुम्ही शिकलेले हायेत सर, तुम्हाला सांगायला हरकत न्हाई. पेशंटला फिरवतेत हो लोक, म्हून मला लबाडी करावी लागती.

म्हणजे तिनं मला सांगितलं होतं. का फिरवायचं नाही ते सांगितलं होतं. हे मी अडाणीपणानं केलं असं कोणी माझ्या बाजूनं म्हणायला नको.

नवव्या दिवशी आई आली. भामाबाई, ब्याऐंशीची. चुलत भावाच्या पोरानं गाडीवर आणून सोडलं अन् तो गेला. आईनं आल्या आल्या विचारलं, ही भिंत कुठली? जाहिदाबाई म्हणाली, पूर्वेची, आज्जी. आईनं दयाच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले, आईला बघून ओठ हलवले. आई रडली अन् हसली. तेवढ्यात जाहिदाबाईला दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली स्कॅनला जायचा निरोप आला. सुकन्या जेवायला गेली. सिस्टर वर्षाराणी, वॉर्डाची मुख्य, टेबलाशी बसून दुपारच्या पाळीच्या पोरींना पेशंट समजावून देत होती. दुपारचा दीड वाजलेला.

आई खिडकीकडं बघत म्हणाली, ती म्हणती पूर्व, पर ऊन तर ह्या बाजूनं येतंय. तू मास्तर हायस, तू सांग.

मी गप बसायला पाहिजे होतं. 'हो आई, पूर्वच हाय' एवढंच म्हणायचं होतं. पण मी खिशातून मोबाइल काढला, त्यात होकायंत्र असतं ते उघडलं, आईच्या नाकासमोर धरलं. म्हणलो, उत्तर-दक्षिण हाय आई, ती बाई उगं समजूत काढती. काय मिळवलं मी? आईला सुई दाखवली. त्या बाईपेक्षा मला जास्त कळतं, हे सिद्ध केलं. दुसरं काहीही नाही.

आईचा चेहरा बघवेना. जित्या लेकराला मढ्यासारखं निजवलंय म्हणून ती रडायला लागली. मी आधी चांगलं व्याख्यान दिलं, दिशेनं काही होत नसतं म्हणून. तिनं ऐकलं नाही. उठली अन् स्वतःच दयाचे पाय ओढायला लागली. ती पडेल म्हणून मी पुढं झालो. सलाइनचा स्टँड फिरवला, लघवीची पिशवी हातात धरली, दयाला उचलला. नऊ दिवसांत तो लेकरासारखा हलका झाला होता. डोकं दक्षिणेला अन् पाय उत्तरेला करून निजवला. तो कण्हला. डोकं आता उताराच्या बाजूला आलं होतं, हे मला दिसत होतं. ठोकळे काढून दुसऱ्या बाजूला घालावेत असं मनातही आलं. पण कॉट कोण उचलणार? म्हणलं, आई चारच्या एसटीनं जाईल, मग सरळ करू. तासा-दोन तासांनी काय बिघडतंय.

थोड्या वेळानं दयानं डोळे मिटले. आई म्हणाली, बघ, कसा निवांत निजला. मलाही बरं वाटलं. तो निजत नव्हता, तो गुंगत होता. आधी गुंगतो, हे मला आठवडाभरापूर्वीच सांगितलेलं होतं.

आईला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मी तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं, तिची गोळी दिली, पाणी पाजलं. परत आलो तर पावणेतीन झाले होते. दारातूनच बघितलं, जाहिदाबाई एकटी दयाला उचलून फिरवत होती. छातीशी धरून, मान हातात सरळ सांभाळून. एका दमात त्याचं डोकं वर आणलं, कुशीवर केला, तोंड पुसलं, कारण त्यानं उलटी केलेली होती. मग तिनं सिस्टरला हाक मारली. तिचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

वर्षाराणी सिस्टरनं टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, उजेडानं आकसेना. धावपळ झाली. सूज उतरवायची बाटली लावली, डॉक्टर वरून पळत आले, स्कॅनची तयारी सुरू झाली. नाडी मंद होतेय, बीपी वाढतंय, असं कोणीतरी म्हणत होतं. मी भिंतीला टेकून उभा.

आता हे नीट ऐका. जाहिदाबाईनं दयाला सरळ केलेलं होतं. तो उलटा होता हे तिथं उभ्या असलेल्यांत फक्त तिला माहीत होतं अन् मला. ती गप बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मी खरं सांगतो, ती गप बसेल अशीच मी आशा करत होतो. पण डॉक्टरांना कळल्याशिवाय पेशंटचं कसं होणार, म्हणून तिनंच तोंड उघडलं. "साब, पेशंट उलटा व्हता. मी आले तवा डोकं उताराला व्हतं. कवापासून ते म्हाईत न्हाई."

डॉक्टरांनी विचारलं, कोणी फिरवलं? वर्षाराणी सिस्टर म्हणाली, साडेबाराला चादर हिनंच बदलली. जाहिदाबाई म्हणाली, चादर मी बदलली पर डोकं वरच ठेवलं व्हतं. डॉक्टर चिडलेले होते, घाईत होते. म्हणाले, मग काय पेशंट उठून फिरला? आणि माझ्याकडं वळून विचारलं, सर, तुम्ही इथंच होता ना? तुम्ही काही बघितलं?

जाहिदाबाईनंही माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलो, "मी चहाला गेलो होतो."

का म्हणलो? आईला वाचवायला म्हणलो, असं मी पुढं कित्येक महिने स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. आईचं नाव न घेता 'मी फिरवलं' एवढं म्हणता आलं असतं. पण विज्ञानाचा मास्तर, जो गावात अंधश्रद्धेवर भाषणं देतो, त्यानं दक्षिणेच्या भीतीनं भावाचं डोकं खाली केलं, हे त्या डॉक्टरांच्या तोंडावर, त्या पोरींच्या समोर बोलायची मला लाज वाटली. त्या एका घडीची लाज वाचवली अन् जन्माची पदरात घेतली.

दयाला परत ऑपरेशनला नेलं. आत पुन्हा रक्त साचलं होतं. तो वाचला, पण उजवी बाजू गेली अन् बोलणं गेलं. नंतर डॉक्टर मला म्हणाले की रक्त पुन्हा साचणं हे तसंही झालं असतं, डोकं खाली राहिल्यानं सूज वाढली अन् वेळ गेला हेही खरं. किती कशामुळं, हे कोणी सांगू शकत नाही. ते वाक्य मी पुष्कळ दिवस उराशी धरून बसलो. आईनं एकदाच विचारलं, आपुन फिरवला म्हून झालं का रं? मी म्हणलो, न्हाई आई, तसं काई नसतंय.

जाहिदाबाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ठेकेदाराची बाई, तिला काय चौकशी अन् काय नोटीस. ती आपला डबा अन् चपला न्यायला आली, तेव्हा अतिदक्षतेच्या काचेशी येऊन उभी राहिली. मी तिला जिन्यातून बघितलं अन् तिथंच थांबलो. तिनं सुकन्याला विचारलं, दयाभाऊ कसे हायेत? सुकन्या तिला म्हणाली, चालती हो इथून. आमची सुकन्या कुणाला अरे-तुरे न करणारी बाई. जाहिदाबाई डबा घेऊन निघून गेली. मी जिन्यातच होतो.

दोन वर्षं गेली. आई गेली. दया काठी घेऊन चालायला लागला. एकेक शब्द जुळवून बोलायला लागला. एका शब्दासाठी त्याला घाम यायचा. एकदा त्यानं विचारलं, ती... बाई? सकाळी हाक मारणारी बाई त्याला आठवत होती. सुकन्यानं त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जे तिला ठाऊक होतं ते. त्यानं आधी मान हलवली, नाही नाही म्हणून. ती पुन्हा पुन्हा सांगत गेली. मी समोर होतो, मूग गिळून.

मग ह्या दिवाळीला सुकन्याचा मामा बघायला आला. त्यानं विचारलं, हे असं कशानं झालं? सुकन्या बोलणार, तर दयानं हात वर करून तिला थांबवलं. त्याला स्वतः सांगायचं होतं. कपाळाच्या शिरा ताणून, थुंकी गिळत, त्यानं एकेक शब्द बाहेर काढला. "तिनं... मला... उलटं... टाकलं." सांगून झाल्यावर तो माझ्याकडं बघून हसला, सगळं वाक्य जमलं म्हणून. शाबासकी मागत होता. मी उठून मागच्या परड्यात गेलो. देवानं त्याला मोजके शब्द परत दिले, त्यातले चार त्यानं माझ्या खोट्यावर खर्च केले.

वर्षाराणी सिस्टरकडून जाहिदाबाईचा पत्ता अन् फोन नंबर काढला. ती नांदेडला लेकीकडं गेली होती. मी डॉक्टरांच्या नावानं दोन पानी पत्र लिहिलं, सगळं कबूल करून, अन् ते खिशात घालून लोह्यावरून नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसलो. वाटेत तीनदा वाटलं, उतरावं अन् परत जावं.

ती घरी नव्हती. उजमानं सांगितलं, अम्मी कामावर गेलीय. पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या पेशंटला सांभाळत होती, घरीच. तिथं गेलो. अंगणात खाटेवर तो म्हातारा, टाचेखाली बारकी गादी. ती त्याची नखं कापत होती. मला बघून ओळखलं. पहिलं काय विचारलं असेल? "दयाभाऊ बोलतेत का?"

बोलतो म्हणलो. आणि मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. होकायंत्र, आई, ठोकळे, चहा, दयाचे ते चार शब्द. ती ऐकत राहिली. नखं कापणं तिनं थांबवलं नाही.

म्हणाली, "ठाऊक हाय मला. शेजारच्या कॉटवरच्या आज्जीनं मला त्याच सांजेला सांगितलं."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"कुणाला बोलू? तुम्ही सर. मी फरशी पुसणारी. तुमच्या तोंडाकडं बघितलं व्हतं ना मी. तुम्ही बोलले न्हाईत, तिथंच संपलं."

मी पत्र पुढं केलं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, हे दवाखान्याचं हाय, दवाखान्यात द्या. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले. माझ्यावर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माफी मागून तुमच्या जिवाला बरं वाटंल, सर. माझं काय? बावीस वर्षं कुणी म्हणलं न्हाई की जाहिदाच्या हातानं पेशंटचं वाईट झालं. दयाभाऊच्या डोक्यात मी त्यांचा हात मोडलेली बाई हाय. ते काढा. दुसरं मला काई नको."

येताना लातूरला उतरून पत्र दिलं. वर्षाराणी सिस्टरनं ते उभ्यानं वाचलं अन् खुर्चीत बसली. म्हणाली, त्या दिवशी मीबी तिचंच नाव घेतलं की हो सर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या घरी गेलो. सुकन्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, दया बाजेवर. मी बसलो नाही. सुरुवातीपासून सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आईचं नाव घेतलं, पण फिरवलं मी, अन् खोटं मी बोललो, हे दोनदा सांगितलं.

सुकन्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "दोन वर्षं ह्या तोंडानं मी सांगत फिरले, भावजी. तुम्ही हितंच बसून ऐकत व्हते." मग म्हणाली, "मी तिला चालती हो म्हणले." अन् तोंडाला पदर लावून आत गेली.

दया माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मारावं असं मला वाटत होतं. डाव्या हातात काठी होतीच त्याच्या. पण त्यानं काठी बाजूला ठेवली अन् म्हणाला, फोन. मी जाहिदाबाईचा नंबर लावून त्याच्या डाव्या हातात दिला. पलीकडून आवाज आला. दया म्हणाला, "मी... दया." मग मान वर करून माझ्याकडं बघितलं अन् हनुवटीनं दाराकडं खूण केली. मला वाटलं पाणी मागतोय. मी तांब्या घ्यायला वळलो.

तो म्हणाला, "जा." तो शब्द मात्र अडखळला नाही.

मी बाहेर आलो. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता, एकेक शब्द, मध्ये मोठी मोठी थांबणं. मग सुकन्याही बोलली, रडत होती. काय बोलले ते मला समजलं नाही, अन् कान लावायचा मला हक्कही नव्हता. दारात माझ्या चपला होत्या. बराच वेळ उभा राहिलो, मग चपला घातल्या अन् घरी आलो. आता रोज सकाळी जातो. सुकन्या चहा देते, दया मान हलवतो. बस म्हणून अजून कोणी म्हणलेलं नाही, मी उभ्यानंच चहा पितो.